एकच बोट, चार हकिकती

जून महिन्यात शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी शिक्षकदालनात प्रश्न आला, "काय मग, कशी झाली क्रूझ?" मोहल्ल्यातही तेच, नात्यागोत्यातही तेच. गंमत अशी की आमच्या घरातली आठ माणसे एकाच बोटीवर, एकाच दराच्या तिकिटावर चार रात्री राहून आली होती. पण प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. आमचे थोरले दीर, ज्यांना सगळे भाईजान म्हणतात, सांगत होते, "खाण्यापिण्याची चंगळ, पण बंदरावर नुसती धावपळ." भाभी सांगत होत्या, "बंदरं सुरेख, पण जेवणाचे हाल." त्यांच्या दोन मुलांना विचाराल तर "दिवसातून सहा वेळा खाल्लं" याच्या पलीकडे त्यांना काही आठवत नव्हते. आणि आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, कोणी विचारले की एवढेच म्हणत, "मी यांच्या अब्बांची नोकरी बघून आले."

ऐकणारा गोंधळून आमच्याकडे बघायचा. त्या उत्तराचा अर्थ आम्हांलाही बोटीवरच्या तिसऱ्या दिवशी कळला. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे हल्ली सुट्टीत क्रूझचा विचार करतात, म्हणून या चारही हकिकती सांगाव्यात असे वाटले.

बोट आमच्यासाठी नवी नव्हती

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात "बोटीवर आहे" असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नसे. अर्धे गाव बोटीवर असायचे. कोणी खलाशी, कोणी सारंग, कोणी भंडारी. अब्बा मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांसाठी रांधणारे. दहा-दहा महिने ते घराबाहेर असत. सिंगापूरहून येताना टायगर बाम, नायलॉनच्या साड्या आणि एकदा ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. मागच्या पिढीला बोट आठवते ती हजची. मुंबई ते जेद्दा हा हजचा सागरी प्रवास 1995 साली बंद झाला. अम्मींना आणखी एक बोट आठवते, मुंबईहून कोकणात येणारी. ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला लागायची.

अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. अम्मी चौऱ्याहत्तरीच्या. गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही, चाकाची खुर्ची लागते. "एकदा सिंगापूरची बोट बघायची आहे," असे त्या अधूनमधून बोलायच्या. दोन्ही घरांनी तीन वर्षे भिशी लावली आणि मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी चार रात्रींची सफर ठरवली.

ठरवताना एजंटला आम्ही दोनच प्रश्न विचारले. "हलाल मिळेल ना?" आणि "अम्मींना जमेल ना?" दोन्हींचे उत्तर आले, "सगळं मिळतं, सगळं जमतं." आम्ही खूश झालो. एक गोष्ट मात्र त्याने नीट सांगितली. सफर सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच संपते, म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश होतो. म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. तो आम्ही तसाच काढला.

पहिल्या रात्रीचे ताट

सिंगापूरचे मरिना बे क्रूझ सेंटर 2012 साली सुरू झाले. बाहेरून विमानतळासारखेच दिसते आणि आतही तशाच रांगा, तपासण्या. बोटीवर पाय ठेवला तेव्हा दुपार टळत आली होती आणि सगळ्या प्रवाशांचा लोंढा बुफेकडे निघाला होता. आम्हीही त्यातच.

अशा बोटीवर जेवणाची साधारण तीन प्रकारची ठिकाणे असतात. एक मोठा डायनिंग हॉल, जिथे टेबलावर वाढतात. काही बोटींवर तिथे ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल असते, काहींवर कधीही जाता येते. दुसरा बुफे, जिथे आपण आपले घ्यायचे. या दोन्हींचे पैसे तिकिटात आलेले असतात. तिसरी खास हॉटेले, त्यांचे वेगळे पैसे पडतात. शिवाय माणशी, रात्रीच्या हिशेबाने सेवाशुल्क लागते आणि ते बहुधा शेवटच्या बिलात दिसते. हे ज्यांना आधी माहीत असते त्यांना बोट स्वस्त वाटते. ज्यांना शेवटच्या सकाळी कळते त्यांना फसवल्यासारखे वाटते. जेवण तेच आणि पैसेही तेच असतात.

बुफेत कोंबडी होती, मटण होते, मासे होते. एका भांड्यापुढे पाटी होती की यात डुकराचे मांस नाही. भाईजान म्हणाले, "चला, प्रश्न मिटला." भाभी म्हणाल्या, "मिटला कुठे? डुक्कर नाही म्हणजे हलाल झालं का?" खरेच होते. जनावर कसे कापले, रश्शात वाइन घातली आहे का, पुडिंगमधले जिलेटिन कशाचे, वाढायचा चिमटा शेजारच्या भांड्यातलाच आहे का, यातले काहीच त्या पाटीवर नव्हते.

मग एका टेबलावर चार मते झाली. भाईजानांनी मासे आणि भाज्या घेतल्या. मुलांनी पिझ्झा आणि बटाट्याचे तळण ताट भरून आणले. भाभींनी फळांवर भागवले. अम्मींनी एक पाव, एक केळे आणि चहा घेतला. "मला भूकच नाही," असे त्या म्हणाल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे हे वाक्य आपण सगळेच ओळखतो.

आम्ही कोणालाच विचारले नाही. मागे रांग होती, इंग्रजी बोलायचे होते आणि "एवढ्या मोठ्या बोटीवर आपण कुठे धर्माचं काढायचं" असा एक संकोच होता. वर्गात रोज मुलांना "शंका विचारा, लाजू नका" म्हणून सांगणारी आम्ही माणसे! दुसऱ्या दिवशी सकाळीही अम्मींनी पाव, केळे आणि चहाच घेतला.

शेजारच्या टेबलावर मुंबईचे एक जैन कुटुंब होते. त्यांच्यापुढे पहिल्या रात्रीपासून झाकलेली, त्यांच्या नावाची ताटे येत होती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. त्यांच्या आजीबाई आरामात जेवत होत्या. आम्ही कौतुकाने पाहिले तेव्हा त्यांची सून म्हणाली, "आम्ही दीड महिना आधी लेखी कळवलं होतं. उत्तर येईपर्यंत पैसेच भरले नाहीत."

शेवटी उठली ती आमची नववीतली मुलगी. डायनिंग हॉलच्या प्रमुखापाशी गेली आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "माझी दादी कालपासून जेवली नाही. आम्ही हलाल खातो. इथे आम्ही काय खाऊ शकतो?" तो गृहस्थ लगेच आमच्या टेबलाशी आला. त्याच्याकडे पदार्थांची यादीच होती, कशात काय आहे याची. भारतीय आणि मलय पदार्थांच्या विभागातले मांस प्रमाणित हलाल होते आणि त्याची भांडी वेगळी होती. पाश्चात्त्य विभागातले तसे नव्हते. कोणत्या गोड पदार्थात जिलेटिन आहे, कोणत्या रश्शात वाइन आहे, त्याने बोट ठेवून दाखवले. "आधी कळवलं असतं तर सगळंच वेगळं केलं असतं. आता आदल्या रात्री सांगा, जमेल तेवढं करतो," असे म्हणाला. अवघी पाच मिनिटे लागली. दोन जेवणे मात्र वाया गेली होती.

एक मतभेद तरीही राहिला, पण तो घरचाच आणि गोड होता. आम्ही कोकणातले, शाफई. समुद्रातले म्हाकूल, तिसऱ्या आम्ही आवडीने खातो. भाभी मराठवाड्यातल्या, हनफी. त्यांच्याकडे माशाखेरीज समुद्रातले बाकी चालत नाही. मलय विभागात म्हाकुलाचे झणझणीत कालवण आले तेव्हा भाईजानांनी दोनदा घेतले आणि भाभींनी ताट दोन वीत लांब सरकवले. एकाच बोटीत, एकाच कुटुंबात, एकाच टेबलावर "जेवण कसं होतं" याची दोन उत्तरे तयार होती, आणि दोन्ही खरी होती.

नमाजचेही थोडे सांगायला हवे. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी केबिनमध्ये भरकटते. पण केबिनच्या टीव्हीवर बोटीचा नकाशा आणि दिशा सतत दिसते. सिंगापूरहून पिनांगकडे बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येला जाते आणि तिथून किबला पश्चिमेच्या जरा उत्तरेला येतो. म्हणजे जाताना किबला जवळजवळ नाळेच्या बाजूला, किंचित डावीकडे. आणि परतताना वऱ्हाच्या बाजूला. अम्मींनी हे एकदा समजून घेतले आणि मग कोणाला विचारले नाही.

पिनांग : पाच तासांच्या दोन गोष्टी

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पिनांगला लागली. इथला धक्का जॉर्जटाउन शहराला अगदी लागून आहे. मलाक्का आणि जॉर्जटाउन या दोन जुन्या शहरांना 2008 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. खाली उतरले की शहर सुरू होते.

भाईजानांनी बोटीतर्फे मिळणारी बसची सहल घेतली होती. पिनांगच्या टेकडीवर जाणारी रेल्वे 1923 पासून चालू आहे; तिच्यातून वर जायचे आणि शहराचा देखावा पाहायचा. देखावा सुंदरच असणार, पण रेल्वेसाठी रांग होती, उतरताना पुन्हा रांग होती आणि परतीच्या वाटेवर एका दुकानापाशी बस थांबली. पाच तासांतला बराचसा वेळ त्यांचा उभे राहण्यात गेला.

आम्ही चौघांनी सहल घेतली नव्हती, कारण अम्मींना बसमध्ये चढ-उतार झेपणार नव्हती. धक्क्याबाहेर एक सायकल रिक्षा ठरवली. तिथे तिला त्रिशॉ म्हणतात. बसायची जागा पुढे आणि चालवणारा मागे. अम्मी आणि नात त्यात, आम्ही दोघे बाजूने चालत. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही कपितान केलिंग मशिदीपाशी पोहोचलो. 1801 साली इथल्या भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती उभी केली. कादर मोहिद्दीन हे त्या समाजाचे पहिले कपितान, म्हणजे पुढारी. त्यांच्या पदावरूनच मशिदीला नाव पडले. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर 1818 सालचे सेंट जॉर्ज चर्च आहे, चिनी देवीचे जुने देऊळ आहे आणि जवळच मारिअम्मनचे तमिळ मंदिर आहे. असरची नमाज तिथेच झाली. अम्मी बराच वेळ थंड फरशीवर बसून राहिल्या.

संध्याकाळी नासी कांदार खाल्ले. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी तमिळ मुस्लिम फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन बंदरावरच्या हमालांना जेवण विकत. भातावर दोन-तीन रस्से एकत्र ओततात, सोबत भेंडी, कोंबडी. दुकानाच्या दारावर मलेशिया सरकारच्या जाकिम या खात्याची हलालची खूण होती, त्यामुळे कोणाला काही विचारावे लागले नाही. अम्मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

रात्री बोटीवर दोन्ही घरे भेटली. भाईजान थकलेले होते, आम्ही खूश. पण त्याच बसमधल्या एका निवृत्त जोडप्याला ती सहल फार आवडली होती. "आम्हांला परक्या गावात एकटं फिरायची भीती वाटते. बसमधून नेलं, आणून सोडलं, उशीर झाला तरी चिंता नाही," असे ते म्हणाले. त्यांचेही बरोबर होते. बोटीतर्फे घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते किंवा सोय करते. स्वतःहून गेलात तर वेळेवर परतण्याची जबाबदारी सर्वस्वी तुमची.

फुकेत : एका पायरीचे अंतर

तिसऱ्या दिवशी सकाळी फुकेत आले, पण धक्का आला नाही. पाटोंगच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात बोट नांगरून उभी राहिली. किनाऱ्यावर जायचे ते लहान बोटींतून. क्रूझवाले या लहान बोटीला टेंडर म्हणतात. अम्मींनी खिडकीतून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर पडाव!"

मे महिन्यात तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा वाढू लागतात. खालच्या दारापाशी गेलो तेव्हा लहान बोट हातभर वर उचलली जात होती आणि खाली येत होती. अधिकाऱ्याने अम्मींच्या खुर्चीकडे पाहिले आणि शांतपणे नकार दिला. ज्यांना स्वतःच्या पायांनी ती पायरी ओलांडता येईल त्यांनाच सोडता येईल. हलत्या पाण्यात माणूस उचलून देता येत नाही. त्याचे काही चुकले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत फुकेतपुढे बारीक अक्षरात "टेंडर" लिहिलेले होते. आम्ही त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता आणि एजंटने सांगितला नव्हता.

मागे रांग खोळंबली. कोणीतरी थांबायला हवे होते. भाईजान आमच्याकडे बघू लागले, आम्ही त्यांच्याकडे. कोणी मोठ्याने काही बोलले नाही, पण अम्मींना सगळे समजले. "कडेवर तुझा हा भाईजान आणि डोक्यावर ट्रंक घेऊन पडावात उतरलेय मी," त्या म्हणाल्या. मग आवाज बारीक झाला. "मला घरीच ठेवायला हवं होतं तुम्ही. जा सगळे. माझ्यापायी कोणी थांबू नका."

शेवटी नात थांबली. "मला दादीबरोबरच राहायचंय," म्हणाली. आम्ही गेलो, पण मन लागले नाही. किनाऱ्यावर फिरलो, एका मुस्लिम थाई बाईच्या गाडीवर केळ्याची रोटी खाल्ली आणि दोन तासांत पहिल्या मिळेल त्या बोटीने परतलो.

रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये

अम्मी केबिनमध्ये नव्हत्या. डायनिंग हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या होत्या, पुढे वाडगा होता आणि समोर स्वयंपाकघरातला पांढरा अंगरखा घातलेला एक तिशीतला माणूस उभा होता. तिघे हसत होते.

बंदराच्या दिवशी बोट रिकामी असते. नातीने डायनिंग हॉलच्या प्रमुखाला सांगितले की दादीला हलकेसे काही हवे आहे. अम्मींनी उगाच विचारले, "पेज मिळेल का?" नातीला इंग्रजीत पेज सांगता येईना. प्रमुखाने आतून एका गोव्याच्या स्वयंपाक्याला बोलावले. तो "पेज" शब्द ऐकून हसूच लागला. खलाशांच्या खाणावळीत ते लोक स्वतःसाठी पेजच करत होते! पंधरा मिनिटांत उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचे लोणचे आले. त्याची कोंकणी आणि अम्मींची आमच्या गावची बोली, दोघांना एकमेकांचे सगळे कळत होते.

अम्मींनी त्याला विचारले, "फुकेत कसं आहे रे, बाबा? तू तर दर आठवड्याला येतोस."

तो म्हणाला, "आठ महिन्यांचा करार आहे, मावशी. पाचवा महिना चालू आहे. खाली उतरलो तो एकदाच, दीड तास. मोबाइलचं कार्ड घेतलं, घरी बोललो, परत आलो. बोट बंदरात असते तेव्हा रात्रीच्या जेवणाची कापाकापी असते. बंदर म्हणजे आमच्यासाठी मोबाइलला रेंज."

त्याची ही तक्रार नव्हती. तो सहज सांगत होता. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी, आणि कामातून सवड असेल तेव्हा किनाऱ्यावर उतरण्याची मुभाही. 2006 सालचा हा करार 2013 पासून लागू झाला आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. पण प्रवाशांच्या बोटीवर स्वयंपाकघराला सवड ती किती? हजारो ताटे सकाळी, हजारो दुपारी आणि पुन्हा रात्री. अब्बांच्या काळात तर हा करारही नव्हता.

तो आत गेल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग बोलू लागल्या.

"तुमचे अब्बा यायचे तेव्हा सगळं गाव विचारायचं, सिंगापूर कसं आहे, जपान कसं आहे. ते म्हणायचे, छान आहे. एवढंच. मला वाटायचं, माणसाला सांगायची हौस नाही. आजारी होते तेव्हा मी एकदा रागाने बोलले. तुम्ही जग फिरलात, मी मात्र खाडी बघत बसले. ते नुसते हसले. मला काय माहीत, की बंदर आलं की यांना कांदे चिरायचे असायचे? सांगायला त्यांनी बघितलं होतं कुठे?"

आमच्यापैकी कोणालाच काही सुचले नाही. नातीने दादीचा हात धरला.

"टायगर बाम पण बोटीवर विकायला येणाऱ्या माणसाकडूनच घेतला असेल," अम्मी म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

एका तासाचा फरक

त्या दिवसाची एक गोष्ट अजून राहिली. संध्याकाळी शेवटची लहान बोट साडेपाचला होती आणि भाईजानांचा पत्ता नव्हता. अम्मी डेकवर कठड्यापाशी खुर्ची लावून किनाऱ्याकडे बघत बसल्या. पाच वीस झाले, पाच पंचवीस झाले. शेवटच्या बोटीत सगळ्यांत शेवटी भाईजान, भाभी आणि मुले धापा टाकत चढली.

झाले असे, की थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बोटीने सिंगापूरची वेळ कायम ठेवली होती आणि तशी घोषणाही केली होती. पण किनाऱ्यावर उतरताच मोबाइलने आपण होऊन थायलंडची वेळ दाखवायला सुरुवात केली. मोबाइलमध्ये चार वाजले होते तेव्हा बोटीवर पाच वाजले होते. धाकट्याच्या हातात साधे घड्याळ होते म्हणून ध्यानात आले. नाहीतर आमच्या चार हकिकतींत पाचवी, बोट चुकल्याची, जमा झाली असती.

जाणाऱ्यांसाठी

बहिणींनो, भावांनो, क्रूझ चांगली की वाईट असे आम्हांला विचारू नका. एकाच बोटीवर कोणी तृप्त होतो, कोणी उपाशी राहतो. एकाच बंदरावर कोणी रमतो, कोणी थकतो. हा फरक बराचसा निघण्याआधी काय विचारले यावर ठरतो. आमच्या चुकांतून शिकलेले एवढेच सांगतो.

"हलाल मिळेल का" असा प्रश्न पुरेसा नाही. मांस प्रमाणित आहे का, कोणत्या विभागातले, भांडी वेगळी आहेत का, असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तेही पैसे भरण्याआधी आणि सफरीच्या काही आठवडे आधी. बोटीवर गेल्यावर शंका आली तर पहिल्याच जेवणाला डायनिंग हॉलच्या प्रमुखाला भेटा. चढल्या चढल्या आणि बंदरावरून परतल्यावर बुफेत झुंबड असते. त्या वेळी मोठ्या हॉलमध्ये निवांत जेवता येते.

बंदरांची यादी बघताना प्रत्येक नावापुढे विचारा, बोट धक्क्याला लागणार की टेंडरने जायचे? घरात कोणी खुर्चीवर असेल, कोणी गरोदर असेल, कडेवरचे मूल असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी. धक्का शहरात आहे की शहर तासभर लांब आहे, तेही विचारा. जवळ असेल तर स्वतः फिरा. लांब असेल, किंवा परक्या ठिकाणी घाबरायला होत असेल, तर बोटीची सहल घ्या. मनगटावर बोटीच्या वेळेचे साधे घड्याळ बांधा. आणि सेवाशुल्क किती, ते आधीच हिशेबात धरा.

शेवटचे सांगणे अम्मींचे. ताट आणून ठेवणाऱ्याला आणि ताट उचलणाऱ्याला नाव विचारा, गाव विचारा. जगातली सगळी बंदरे ज्याच्या खिडकीसमोरून जातात आणि ज्याला ती बघता येत नाहीत, असा तो कोणाचा तरी बाप असतो.

परतीची शेवटची रात्र मलाक्काच्या सामुद्रधुनीत गेली. अम्मी इशानंतर डेकवर आल्या. अंधारात मालवाहू बोटींचे दिवे एकामागून एक समोरून सरकत होते. अम्मी प्रत्येक दिव्याकडे बघत होत्या. आम्ही विचारले, "थंडी वाजतेय का? आत जाऊ या?"

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "त्या बोटीवरचा भंडारी आता कुठे भांडी घासून मोकळा झाला असेल. त्याच्यासाठी दुआ करतेय."